मालकाचा आवाज

४ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टर म्हणतो, राग आला की ओरडायचं नाही, लिहून काढायचं. रक्तदाब उतरतो म्हणे. ठीक आहे. क्रिस्पिन कापेम्ब्वा, चाळीस ट्रकांचा मालक, शाळकरी पोरासारखा लिहायला बसलाय.

आजचा राग तोवेला न्यिरोंगोवर. आमचे संगणक, फोन, गाड्यांचे जीपीएस सगळं तीच बघते. हुशार आहे, पण हट्टी. सकाळी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सुरू झाली.

“साहेब, गाड्या कुठे आहेत ते दाखवणारा स्क्रीन ऑफिसात सगळे एकाच पासवर्डने उघडतात. आणि पासवर्ड काय, तर तुमच्या पहिल्या ट्रकचा नंबर. तो ट्रक आपण रंगवून गेटवर उभा केलाय. येणारा-जाणारा वाचतो.”

“माझ्या पहिल्या ट्रकचा नंबर कोणाच्या वाईटावर आहे?”

“चोरांच्या चांगल्यावर आहे.”

हसलो मी. मग तिने दुसरं काढलं. म्हणे, ड्रायव्हर फक्त माझा आवाज ऐकून गाडी वळवतात, हे धोक्याचं आहे. हल्ली अर्ध्या मिनिटाच्या नमुन्यावरून कोणाचाही आवाज बनवता येतो. रस्ता बदलायचा हुकूम आला, तर ड्रायव्हरने उलट फोन करून खात्री करून घ्यावी, असा नियम करा.

“म्हणजे माझ्याच नोकराने मला विचारायचं, तू खरा का खोटा?”

“हो, साहेब.”

बाहेर काढली तिला. भिंतीवर काचा लावल्यात मी. चार कुत्री आहेत, गेटवर बंदूकवाला आहे. आणि माझ्या आवाजाची नक्कल? माझ्यासारख्या शिव्या देणारा तांब्याच्या खाणींच्या ह्या अख्ख्या पट्ट्यात जन्मलेला नाही. ड्रायव्हर माझे बोललेले निरोप जपून ठेवतात, कापिरीच्या बारमध्ये एकमेकांना ऐकवतात. लोक हसून लोळतात म्हणे. मला बरं वाटतं. धाक राहतो.

२० ऑगस्ट, बुधवार

काल आमच्या मोफत नावाच्या ड्रायव्हरची खाणीचं तांबं भरलेली गाडी लुटली. मकुशीच्या पुढे चाक बघायला उतरला, तेवढ्यात पाच जण गवतातून वर आले. पहारेकऱ्यांची जीप डिझेल भरायला पुढे गेली होती. त्यांना तेही ठाऊक होतं.

हॉस्पिटलात जाऊन आलो. समोरचे दात गेलेत. झाडाला तारेने बांधला होता, मनगटं पार हाडापर्यंत कापलीत. मला बघून उठायला लागला. “मालक, माफ करा, गाडी गेली.” मी म्हटलं, पड गाढवा, पड.

तोवेला म्हणते, त्यांनी आमचाच स्क्रीन उघडून बघितला असणार. गाडी कुठे थांबली, जीप कुठे आहे, सगळं त्यावर दिसतं. तिने प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. माझा एवढा लांबलचक की दोनदा चुकला. शेवटी ओरडलो, जुनाच दे मला. दिला बिचारीने. मालकाला तरी सोय हवी.

आणखी सहा पहारेकरी ठेवले. दोन बंदुका घेतल्या. आता येऊ देत.

९ सप्टेंबर, मंगळवार

एवारिस्तो कालुबा गेला.

सकाळी शेतावरच्या बायकांना दिसला. डोक्याची एक बाजू उरलीच नव्हती. चाकाचा पाना शेजारी गवतात पडला होता. ओळख पटवायला मी गेलो. नखांत दुसऱ्याचं कातडं होतं. भांडला असणार. माझ्याकडे अकरा वर्षं चालवत होता. तक्रारीचा शब्द नाही.

महामार्ग सोडून तो त्या शेतांच्या रस्त्याला कशाला गेला, ते कोणालाच कळेना. दुपारी गिब्सन न्सोफ्वा आला. हा एवारिस्तोच्या बायकोचा धाकटा भाऊ. माझाच ड्रायव्हर, काल त्याच रस्त्यावर मागे होता. एवारिस्तोने त्याला एक निरोप पुढे पाठवला होता, तो त्याने मला ऐकवला.

माझा आवाज.

“एवारिस्तो, गाढवाच्या अवलादीच्या! पुढे पोलिसांनी रस्ता अडवलाय. मकुशीच्या अलीकडे डावीकडे शेतांच्या रस्त्याला लाग. आणि फोन करून डोकं खाऊ नकोस, मी खाणीच्या साहेबांपाशी बसलोय.”

मी हे बोललो नाही. पण आवाज माझा. दम खायची तऱ्हा माझी. ‘गाढवाच्या’ म्हणताना घसा फाटतो, तसा फाटलेला. तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा मलाच वाटलं, बोललो असेन.

११ सप्टेंबर, गुरुवार

मयताच्या घरी गेलो. जाऊ नका, असं बायको म्हणत होती. चोलाची आई म्हणून मी तिला बाना चोला म्हणतो. म्हटलं, बाना चोला, माझा माणूस गेलाय. तोंड लपवून बसू?

पुरुष अंगणात शेकोटीभोवती बसलेले, बाया आत रडत होत्या. मी शिरलो आणि रडणं थांबलं. मग कोणीतरी फोन वर धरला आणि तो निरोप मोठ्याने लावला. माझा आवाज त्या अंगणात. गाढवाच्या अवलादीच्या.

एवारिस्तोची म्हातारी बाहेर आली. “आवाज तुझा. माझ्या लेकराला तूच बोलावलंस.”

“आई, मी नव्हतो तो.”

“मग कोण होता? शिव्या तर तुझ्याच!”

पहिला दगड कानावर बसला. दुसऱ्याने गाडीची काच गेली. एकाने शेकोटीतलं जळतं लाकूड फेकलं, कोटाची बाही पेटली. पहारेकऱ्याने हवेत गोळी झाडली नसती तर आज लिहायला उरलो नसतो. गिब्सन तिथेच बसला होता. त्याने दगड उचलला नाही. पण कोणाचा हातही धरला नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जे झालं ते सरळ लिहितो.

रात्रभर एकच विचार. माझा आवाज बनवायचा, तर ती विद्या पाहिजे. आमच्याकडे ती विद्या कोणाला आहे? महिन्याभरापूर्वी कोण सांगत होतं, अर्ध्या मिनिटात आवाज बनतो म्हणून? तोवेलाला सगळ्यांसमोर विचारलं. म्हणाली, “साहेब, मी तुम्हाला सावध करत होते.” बोलली शांतपणे, पण डोळ्यांत ‘सांगितलं होतं ना’ असं स्पष्ट दिसत होतं. ते मला सहन झालं नाही.

मी तिला मारलं नाही. दंडाला धरून बाहेर आणली आणि ढकलली. पायरीवरून पडली. तिचा लॅपटॉप भिंतीवर आपटला, तो कंपनीचाच होता. कुत्र्याचं म्हणाल तर साखळी मी सोडली, खरं आहे. पण ती भिववायला. तो एवढ्या जोरात धावेल असं कोणाला वाटलं होतं? त्याने तिचा हात कोपराखाली धरला तो सोडेचना. काठीने जबडा उचकटावा लागला.

अंगणात सगळे ड्रायव्हर उभे होते. एकानेही तोंड उघडलं नाही, एक पाऊल कोणी पुढे आलं नाही. असा धाक आहे माझा. तरी ही वेळ माझ्यावर यावी!

१३ सप्टेंबर, शनिवार

तोवेलाच्या तक्रारीवरून चौकीत बसवून ठेवलं दिवसभर. मला!

इन्स्पेक्टर मुसेंगे नावाचा बारकासा माणूस. चहा पाजला. मग संगणकावर काहीतरी लावलं. माझा आवाज म्हणाला, “मी क्रिस्पिन कापेम्ब्वा. मी माझे ट्रक इन्स्पेक्टरला बक्षीस देतो. उद्या घेऊन जा.”

खुर्चीवरून उठलोच मी.

“बसा, बसा. नको मला ट्रक,” तो म्हणाला. “कापिरीच्या बारमध्ये एकाला बिअर पाजली, त्याने तुमचे शिव्यांचे निरोप दिले. बाकी काम जेवायच्या सुट्टीत झालं. कापेम्ब्वासाहेब, ही विद्या शिकायला तुमच्या त्या बाईंची गरज नाही. माझा भाचाही करतो.”

“आणि जीपीएस?”

“कोणीतरी तुमच्याच नावाने उघडत होतं. जुना पासवर्ड चालू होता. फक्त तुमचा.”

घरी आल्यावर बाना चोलाने ताट वाढलं आणि समोर बसली नाही. दारातूनच म्हणाली, “बाशी चोला, चोलाचे बाबा, एक विचारते. एवारिस्तोला शंका आली असेल का?”

“आली असेल.”

“मग त्याने तुम्हाला फोन का नाही केला?”

त्या निरोपातच नको म्हटलं होतं ना, असं मी सांगितलं. ती भांडी घासायला गेली. बायकांना हे धंद्यातलं समजत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

खाणीचं पत्र आलं. महिन्याभरात व्यवस्था सुधारली नाही, तर तांब्याचे पत्रे दुसऱ्याच्या ट्रकांवर चढतील. तांबं गेलं म्हणजे चाळीस ट्रक आणि शंभर घरं गेली.

तोवेलाच्या घरी गेलो. हाताला कोपरापासून बोटांपर्यंत पट्टी. तिच्या भावाने मला दारातच गळ्याला धरून भिंतीवर दाबलं. श्वास कोंडला. मी हात उचलले नाहीत. कसं जमलं, कोण जाणे. ती आतून म्हणाली, “सोड त्याला. मेला तर माझी तक्रार कोणावर चालवू?”

तक्रार मागे घेणार नाही म्हणाली. परत येईन, पण पगार दुप्पट आणि काम माझ्या पद्धतीने. मी मान हलवली.

“रस्ता बदलायचा हुकूम तुमच्या एकट्याचा चालणार नाही. तुम्ही आणि मी, दोघांनी वेगवेगळा फोन करायचा. दोन्ही फोन आल्याशिवाय गाडी वळणार नाही.”

“मालक मी का तू?”

“तुम्हीच. म्हणूनच. खोट्या आवाजाचं दार बंद झालं की ते खऱ्याला धरतील. एकाच्या डोक्याला बंदूक लावून काम होत असेल, तर ते लावणारच.”

“मला धरायची हिंमत आहे कोणाची?”

तिने पुढची अट काढली. म्हणाली, “आणि तुम्ही स्वतःच्या तोंडाने, सगळ्या ड्रायव्हरांसमोर सांगायचं. जो तुमचं ऐकणार नाही, त्याला शिक्षा नाही. तुम्ही कितीही ओरडलात तरी.”

घशाखाली उतरत नव्हतं. तरी हो म्हटलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं. सगळ्यांसमोर. ड्रायव्हर जमिनीकडे बघत होते. मागून मोफत दात नसलेल्या तोंडाने पुटपुटला, “दारू सोडली का काय मालकाने?” सगळे हसले. मी नाही हसलो, पण कोणाला मारलंही नाही.

मग रंगीत तालीम. मी फोन करून ओरडायचं, त्यांनी नाही म्हणायचं. पहिल्यालाच म्हटलं, हरामखोरा, गाडी वळव. वळवली. दुसऱ्यानेही वळवली. गिब्सन अडखळला, “मालक, त-तोवेलाबाईंचा फोन...” मी म्हटलं, तुझ्या बहिणीला विधवा केलं तेवढं पुरे नाही का, तुलाही घरी बसवू? वळवली.

खरं सांगू? बरं वाटलं. अजून ऐकतात माझं.

तोवेलाने फोन माझ्या हातातून काढून घेतला. “आता तीन माणसं मेली,” म्हणाली. “पुन्हा करा.”

रोज करतोय. घसा बसलाय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

एन्डोलातल्या ट्रकमालकांची बैठक. बाकीच्यांना सावध करा असं इन्स्पेक्टर म्हणाला होता, म्हणून बोललो. पासवर्ड माझा नडला हे सांगितलं. आवाजाचं सांगितलं. संगणक बंद पडले तर काम कसं चालवायचं, याचीही तालीम घ्या म्हटलं. तोवेलाने पढवलं होतं.

सिचोनेने, माझ्याहून दुप्पट गाड्या आहेत त्याच्याकडे, जांभई दिली. “क्रिस्पिन, ही कामं संगणकवाल्या पोरांची. मालकाने कशाला डोकं घालायचं?”

अगदी माझंच बोलणं. ऐकून त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

२२ ऑक्टोबर, बुधवार

झालं! काल मोफतला माझ्या आवाजात फोन आला. पाऊण शिव्या नव्या होत्या म्हणे. मोफत म्हणाला, “मालक, तोवेलाबाईंना फोन करायला सांगा,” आणि ठेवून दिला. गाडी सीमेवर नाकोंडेला सुखरूप. खाणीने करार पुढे चालू ठेवला.

अंगणात बोकड कापला. तोवेला जेवली नाही. म्हणाली, “आता ते दुसरं काहीतरी करतील.” हिला आनंद म्हणून माहीत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीचे पाय. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत.

आठवड्यापूर्वीचा रविवार. चर्चमधून बाना चोला बायकांच्या मंडळात गेली, मी एकटाच काफुलाफुताच्या रस्त्याने शेतावर. पिकअप आडवी आली. तिघे होते. बंदुकीचा दस्ता तोंडावर, मग पोत्याखाली. कुठे नेलं माहीत नाही. विटांची भट्टी असावी, राखेचा वास होता.

त्यांचा म्होरक्या विशीतला, चष्मेवाला. सभ्य बोलत होता. “अंकल, तुमचा आवाज आता चालत नाही. म्हणून तुम्हाला आणलं.” रस्त्यावर त्याची माणसं होती, गिब्सनची गाडी कुठे असेल ते त्याला ठाऊक होतं. फोन कानाला लावून दिला.

मी म्हटलं, “गिब्सन, सेरेन्जेच्या अलीकडे उजवीकडे वळ.”

“मालक, तोवेलाबाईंचा फोन नाही आला.”

“अरे मी आहे! मी खरा आहे!”

“कळतंय मालक. बाईंचा फोन नाही आला.”

त्यांनी माझा हात विटेवर ठेवला. पहिलं बोट. मी कसा ओरडलो ते मला इथे लिहिता येत नाही. मग गिब्सनला काय काय बोललो, तेही. तालमीतलं नव्हतं ते. मला खरंच हवं होतं त्याने वळावं. पुढे गवतात कोण उभे आहेत, ते त्याचं काय करतील, सगळं माहीत असून हवं होतं. त्याने फोन ठेवला नाही. फक्त म्हणत राहिला, “नाही मालक. नाही मालक.” मागे इंजिनाचा आवाज चालू.

त्यांनी विचारलं, दुसरं माणूस कोण? सांगितलं मी. नाव, नंबर, सगळं. तिला फोन लावला. मी रडत म्हटलं, तोवेला, पोरी, गिब्सनला फोन कर. दुसरं बोट तेव्हाच गेलं.

ती म्हणाली, “नाही, साहेब.” आवाज फाटला होता तिचा. आणि ठेवला.

मग त्यांनी मला लाथांनी तुडवलं. बरगड्या तुटलेल्या मला ऐकू आल्या. चष्मेवाला घड्याळ बघत होता. “उपयोग नाही,” म्हणाला. “दोघंही ऐकत नाहीत ह्याचं.” मारून टाकू का, एकाने विचारलं. तो म्हणाला, “कशाला? गोळी वाया. पोलीस निघाले असतील.” भट्टीबाहेर फेकून गेले. कोळसा विकणाऱ्या बायकांनी सायकलवर घालून रस्त्याला आणलं.

गिब्सनने गाडी सेरेन्जेच्या पोलीस चौकीच्या अंगणातच घातली होती. गवतातले चौघे धरले. चष्मेवाला सापडला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तोवेला आली नाही. निरोप आला: रस्त्याच्या हुकमातून तुमचं नाव काढलंय, त्या माणसांनी तुम्हाला बघितलंय. आता दोन नावं आहेत, ती तुम्हाला सांगणार नाही.

चिडलो. माझ्या गाड्या कुठून जातात हे मलाच ठाऊक नाही! मशीनवर रक्तदाब एवढा चढला की नर्स धावत आली. मग वाटलं, आता बोटं कापली तरी माझ्याकडे सांगायला काही नाही. नर्स म्हणाली, उतरतोय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी गिब्सन आला. बहिणीने दिलेला डबा घेऊन. टोपी हातात, दारातच उभा.

“मालक, मला काढणार का?”

मी म्हटलं, “मी मरतोय असं वाटत होतं तुला?”

“हो.”

“तरी नाही वळलास.”

तो टोपी पिळत राहिला. मग म्हणाला, “भाऊजींनी तो निरोप मला का पाठवला होता, ते तुम्ही कधी विचारलं नाही. त्यांना पटत नव्हतं. विचारत होते, मालकाला एकदा फोन करू का? मी म्हटलं, आणि शिव्या कोण खाईल? जा मुकाट्याने.”

खिडकीखाली कोणीतरी बादली धूत होतं.

“बस,” म्हटलं.

तो खाटेच्या कडेला बसला. डबा उघडला. मक्याच्या पिठाची न्शिमा अजून गरम होती, सोबत कापेन्ता ही बारीक मासळी आणि भोपळ्याचा पाला. मी सवयीने उजवा हात पुढे केला, पट्टीचा गोळा. दोघांनीही त्याच्याकडे बघितलं. मग त्याने स्वतःचे हात धुतले, न्शिमाचा घास मळला, कापेन्त्यात बुडवला आणि माझ्यासमोर धरला.

मी तोंड उघडलं.